धूर नाही म्हणून तंबाखू चालते असं समजू नका, मी तेच समजलो होतो

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाच आठवड्यांनी मणक्याचं ऑपरेशन, दोन मणके जोडायचेत, डॉक्टरनी सिगारेट बंद सांगितली, तुम्ही केलीत पण, आणि आता दिवसाला चार-पाच वेळा तंबाखू-चुना चालू आहे, "धूर नाही त्यामुळं प्रॉब्लेम नसावा ना?" अहो हेच वाक्य मी माझ्या बायकोला ऐकवलेलं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, निपाणीजवळ पिठाची गिरणी आहे माझी. सिगारेट वाईट का ते तुम्हाला माहितीच आहे, ते परत लिहीत बसत नाही.

माझं झालं असं की पावसाळ्यात गाडी घसरली, डाव्या नडगीचं हाड मोडलं, प्लेट घालायची ठरली. अ‍ॅडमिट करताना काउंटरवरच्या अण्णानं फॉर्म भरता भरता मान वर न करता विचारलं, "एनर चटा ऐतेन्री?" म्हणजे कानडीत, काही व्यसन आहे का. बाजूला मामा उभे, माळकरी माणूस, त्यांच्यापुढं काय बोलणार, मी "इल्लरी", म्हणजे नाही, म्हणून मोकळा. वॉर्डात सिस्टरनी विचारलं सिगारेट ओढता का, म्हटलं पडल्या दिवसापासून सोडली. ते खरंच होतं. तंबाखूचं कुणी विचारलं नाही, मी पण सांगितलं नाही, आणि लपवतोय असं तेव्हा वाटलंच नाही बघा. आमच्या भागात तंबाखूला व्यसन कोण म्हणतं, पीक म्हणतात. वडील १९८१ च्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर बसलेले, गल्लीतल्या निम्म्या बायका विड्या वळायच्या, आईचा दिवस मिश्रीशिवाय सुरू व्हायचा नाही. "चटा" म्हणजे दारू, एवढंच डोक्यात.

मग घरी आलो आणि खरा घोळ तिथं झाला. पाय उशीवर, गिरणी भावाकडं, दिवसभर करायचं काय? सिगारेट बंद केली म्हणून घरचे खूश, त्या खुशीत मी डबी उशाला घेऊन बसलो. आधी दिवसाला सहा वेळा मळत असेन तर आता बारा वेळा. दर महिन्याला एक्सरे, दर महिन्याला "अजून गॅप दिसतोय, बघू पुढच्या वेळी". असे आठ महिने गेले. शेवटी मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्सरे बघायच्या आधी माझे दात बघितले आणि विचारलं, "दिवसाला किती पुड्या?"

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. निकोटीन धुरातून जाऊ दे नाहीतर गालातून, रक्तातच जातं, आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. जखमेला, हाडाला रक्त कमी पोचतं, तर भरून येणार कशानं? धुराचा वेगळा भाग म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. तो सिगारेट सोडल्यावर एखाद्या दिवसात बराचसा निघून जातो, तेवढा तुमचा वाचला. पण छाती साफ व्हायला आणि जखम भरायची ताकद परत यायला आठवडे लागतात, म्हणून चार आठवडे आधी सोडा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये हेच सांगितलंय, चार आठवडे किंवा जास्त आधी सोडलं तर धोका कमी होतो. तुमच्याकडं पाच आहेत, मला एक दिवस पण मिळाला नव्हता.

आता माझं हाड फक्त तंबाखूनंच अडलं का, हे छातीठोक कोण सांगणार, मिरजेचे डॉक्टर पण तसं बोलले नाहीत, फ्रॅक्चर पण वाईटच होतं. पण दुसऱ्या ऑपरेशनला कमरेचं हाड काढून नडगीत भरलं, आणि पायापेक्षा ती कंबर जास्त दुखली. ते दुखणं आठवलं की वाटतं, एक शब्द बोललो असतो तर निदान कुणीतरी दम तरी दिला असता. तुमचं तर मणके हाडानंच जुळवायचं काम आहे, स्क्रू नुसते धरून ठेवतात.

अजून एक, गुटखा खायचात का कधी? कर्नाटकात २०१३ ला बंदी आली पण पानमसाला एक पुडी, तंबाखू एक पुडी, मिसळून खाणारे कमी झाले नाहीत. त्यानं तोंड उघडायचं कमी होतं. भूलवाल्या डॉक्टरनी मला तोंडात तीन बोटं उभी घालायला लावली, माझी जेमतेम दोन गेली. पायाला कमरेतून भूल देता येते, मणक्याला घशात नळी घालून मग पालथं झोपवतात, तेव्हा हे त्यांना आधीच कळलं पाहिजे, टेबलावर नाही.

इन्शुरन्सचं तर बोलूच नका. पहिल्या कागदावर "व्यसन नाही", दुसऱ्यावर "१५ वर्षं तंबाखू", आणि पॉलिसी काढताना एजंटनं सगळीकडं परस्पर "नाही" टिक केलेलं. ऑफिसात गेलो की म्हणायचे मेल करा, मेल केला की म्हणायचे येऊन भेटा. चार महिन्यांनी निम्मे पैसे मिळाले. स्वतःचा फॉर्म स्वतः वाचा, कन्नड येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या, पण वाचा.

निकोटीनच्या गमबद्दल (चघळायचं च्युइंगगम) विचारलंय, ते मेडिकलात मिळतं, सिगारेट-तंबाखूपेक्षा नक्कीच बरं. पण हाड जोडायच्या ऑपरेशनला काही सर्जन निकोटीनच नको म्हणतात, आणि कोटिनिनची (निकोटीन अंगात गेलं की त्यापासून जे तयार होतं त्याची) टेस्ट केली तर गमनं पण पॉझिटिव्ह येते, म्हणून मनानं घेऊ नका, विचारून घ्या. "ऐनवेळी सोडली की कफ वाढतो, म्हणून सोडू नको" असं सांगणारे पण भेटतील, मला भेटले. त्यांचं ऐकू नका, उशिरा सोडली तरी फायदाच आहे असं आता डॉक्टर सांगतात. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनलाइन, क्विटलाइन, १८००-११-२३५६, फुकट आहे. माझी खरी अडचण हाताची होती, काम थांबलं की डावा तळहात आपोआप पुढं यायचा. बडीशेप तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळायचो, लोक हसायचे, हसू देत.

आणि आई, मावशी कुणाचं ऑपरेशन असेल तर त्यांची मिश्री पण तुम्हीच सांगा, बायकांना हे कुणी विचारतच नाही. आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला मीच सांगितलं, आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

सर्जन गमबद्दल काय म्हणाले ते लिहा. आणि ती डबी, सोडली म्हणून कपाटात ठेवली असेल तर सोडलेली नाही ती, मी पण कपाटातच ठेवली होती.