सिझरच्या वेळी पाठीत दिलेल्या सुईमुळे कायमची कंबरदुखी लागते का?

नाही लागत. हे उत्तर तुमच्यासाठी आहेच, पण थोडं आमच्या वन्संसाठीही आहे. अकरा वर्षं हा वाद चालू आहे.

माझ्या पहिल्या बाळंतपणात कळांसाठी एपिड्युरल होतं, दुसऱ्यात सिझर आणि स्पायनल. दोन्ही सुया कमरेतच, पण प्रकार वेगळे. एपिड्युरलमध्ये मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून औषध थोडं थोडं सोडतात; कळा बोथट व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. स्पायनलची सुई पुष्कळ बारीक. ती आवरणाच्या आत, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जाते. औषध एकदाच, आणि काही मिनिटांत पाय परक्याचे.

पहिल्या वेळी एपिड्युरलची जाड सुई चुकून आवरण भेदून गेली. साधारण शंभरात एकीला होतं असं. मी पाठीची कमान करून बसलेले, त्यात कळ आली, हललेही असेन. दुसऱ्या दिवशी बाळाला घ्यायला उठून बसले आणि कपाळापासून मानेपर्यंत कुणी पिळा घातल्यासारखं झालं. आडवी झाले की थोड्या वेळात गायब. वन्सं म्हणाल्या, "जागरणाने होतंय. आम्ही नाही बाई सुया घेतल्या." दोन दिवस मी कुशीवर पडून पाजलं. मग भूलतज्ज्ञ बाई आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "झोपल्यावर थांबतं का?" मला रडूच आलं. आवरणाला पडलेल्या भोकातून ते पाणी झिरपत होतं, म्हणून डोकं दुखत होतं. भोक बुजवायला हातातून माझंच वीस मिली रक्त काढून कमरेत त्याच जागी सोडलं. याला ब्लड पॅच म्हणतात. तासाभराने मी बसून वेणी घातली.

1898 मध्ये ऑगस्ट बीर या जर्मन सर्जनने स्वतःच्या पाठीत सुई टोचून घेतली होती. पाणी वाहून गेलं आणि पुढे कित्येक दिवस तो असाच डोकं धरून पडून होता. त्यालाही जागरणच झालं असेल!

म्हणजे सुईने मला त्रास दिला, नाही म्हणत नाही. पण तो डोक्याला, आणि तो बराही झाला. कमरेत टोचल्या जागी चार दिवस ठणका होता, तेवढाच. पाठ दुखते ती नऊ महिन्यांचं ओझं, सैल झालेले सांधे आणि दिवसातून पन्नासदा वाकून बाळ उचलण्याने. एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करून झाली आहे. पुढे राहणाऱ्या पाठदुखीत फरक सापडत नाही.

सिझरला कापण्याआधी गार वस्तू लावून बधिरता तपासतात. तेव्हा लाजून "हो हो, कळत नाही" म्हणू नका. नंतर ओढाताण जाणवते, गच्च भरलेल्या पिशवीच्या तळातून काहीतरी ओढून काढावं तशी. ते चालतं. दुखणं चालत नाही, दुखलं तर लगेच सांगा.

हे आधीच लिहायला हवं होतं: रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर ही सुई कदाचित देणार नाहीत. आणि बाळंतपणानंतरची प्रत्येक डोकेदुखी सुईची नसते, बीपीचीही असू शकते. अंगावर काढू नका.

वन्संची दोन्ही बाळंतपणं सुईविना झाली. गेल्या महिन्यात त्यांनी कमरेचा पट्टा घेतला. मी तोंडावर काही बोलले नाही.