जुन्या बाथरूमचे नळ, बेसिन, कमोड २५ हजारांत, फोडाफोड न करता बदलता येतील का?

दादरची चार मजली जुनी बिल्डिंग, सर्वात वरचा मजला, २५ हजार बजेट, आणि प्लंबर म्हणतो ‘सगळ्या लाद्या काढाव्या लागतील’. तुमचा हा प्रश्न वाचून राहवलं नाही. नळ, शॉवर, बेसिन बदलायला लादी फोडावी लागत नाही. ‘हात घातलाच आहे तर सगळंच करून घ्या’ या वाक्याशी माझं जुनं वैर आहे. त्या एका वाक्यावर गवंडी, लादीवाला, डेब्रिजच्या गोण्या भरणारा आणि टेम्पोवाला असे चौघं जेवतात.

भीती बाळगायची ती भिंतीतल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची. नळाचे आटे आतल्या एल्बोत (पाइपच्या काटकोनी जोडात) गंजून एकजीव झालेले असतात. पाना लावून झटका दिला की नळाची मान तुटते, आट्यांची कडी आत राहते, आणि मग ‘बघा, फोडावंच लागणार’ म्हणायला प्लंबर मोकळा. म्हणून आधी गच्चीवरचा किंवा डक्टमधला कॉक बंद करून लाइन रिकामी करा. नळाच्या मुळाशी असलेलं सिमेंट टोकदार छिन्नीने खरवडा, डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारा आणि तासभर थांबा. मग नळ आधी किंचित आवळा. गंजाची पकड सुटते ती तिथे. त्यानंतर पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, असं करत काढा. तरी कडी आत राहिलीच तर हॅकसॉच्या नुसत्या पात्याने तिला आतून दोन उभे काप द्या आणि छिन्नीने आत दुमडून उचला. एल्बोचे आटे कापले जाऊ नयेत एवढंच सांभाळायचं. नळाबरोबर एल्बोच फिरतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. तेव्हा एक लादी फोडा. एकच.

नवा नळ लावण्याआधी कॉक उघडून बादलीभर पाणी सोडा. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ, त्यामुळे क्षार फारसे धरत नाहीत (टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी). पण जुन्या पाइपातला गंजाचा कचरा नव्या नळातल्या सिरॅमिक कार्ट्रिजला (पाणी चालू-बंद करणाऱ्या भागाला) पहिल्याच आठवड्यात ओरखडे पाडतो, आणि लोक शिव्या नळाच्या कंपनीला देतात. आटे झिजलेले असतील तर नुसत्या टेफ्लॉनवर विसंबू नका, धागा आणि सफेदा (आट्यांना लावायची पांढरी पेस्ट) लावा. नळ बाहेर घ्यायला एक्स्टेन्शन निपल लागलं तर पितळेचंच घ्या.

वॉल मिक्सरसाठी (गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळासाठी) भिंतीतल्या दोन पॉइंटमधलं अंतर १५० मिमीच्या आसपास हवं, थोडा फरक मिक्सरच्या वाकड्या लेगमध्ये (जोडनळ्यांत) निघतो. मोठा रेन शॉवर तुमच्यासाठी नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब येतो, तुमची टाकी डोक्यावर जेमतेम तीन-चार मीटर. त्यातून पाऊस पडणार नाही, थेंब गळतील. लहान तोंडाचा साधा शॉवर घ्या.

बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाची, पाणी खाली सोडणारी जोडणी) हाफ थ्रेड म्हणजे अर्ध्या आट्यांचं, नसेल तर फुल थ्रेड म्हणजे पूर्ण आट्यांचं. उलट लावलंत की एक तर ओव्हरफ्लोचं पाणी अडतं, नाहीतर कपलिंगच्या खाचांतून खाली गळतं.

कमोडबद्दल एवढंच: दुकानात जाण्याआधी भिंतीच्या लादीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. एस ट्रॅपमध्ये (आउटलेट जमिनीत जाणाऱ्या कमोडमध्ये) ४, ९, १२ इंच अशी मापं मिळतात, आणि चुकीचं आणलेलं भांडं लोहार चाळीच्या बाजारात परत घेऊन जाण्यासारखा ताप नाही. तळाला व्हाइट सिमेंट थापू देऊ नका, स्क्रू आणि सिलिकॉन पुरे. सिमेंटात बसवलेलं भांडं पुढच्या वेळी फुटूनच निघतं. उकिडवं बसायचं भारतीय भांडं काढून कमोड लावायचा असेल तर मात्र जमीन फोडावी लागते, ते या बजेटच्या बाहेर.

पाइपच कुजला असेल तर भिंतीवरून सीपीव्हीसीची (प्लास्टिक पाइपची) उघडी लाइन टाका. दिसायला वाईट, मान्य. पण गळती त्याच दिवशी दिसते.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: खालच्यांच्या छताला आत्ताच ओल असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. दोष बहुधा नहाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याचा) किंवा वॉटरप्रूफिंगचा असतो, आणि आतल्या गळतीचा खर्च सोसायटीचा नाही, तुमचा. तेवढ्यापुरता तुमचा प्लंबर बरोबर आहे.