छोट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बदलायचं आहे, ४० हजारांपर्यंत कोणतं घेऊ?

तुमचा प्रश्न वाचला. पुढे येऊन वाचणाऱ्यांसाठी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडतो. ऐरोलीला घर. कॅबिनेट कूलर मास्टरचं एनआर२००पी, प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी४५० चिपसेटचा मिनी आयटीएक्स म्हणजे छोट्या आकाराचा बोर्ड, ४५० वॅटचा एसएफएक्स (छोट्या आकाराचा) एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि कार्ड जीटीएक्स १६६० सुपर. मॉनिटर आता १४४०पीचा आणला आणि तेव्हापासून सायबरपंक हा गेम रडतखडत चालतो, व्हॅलोरंट मात्र ठीक आहे. दुकानदार म्हणतो एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० घ्या. मित्र म्हणतो थोडे पैसे घालून सरळ ५०७० घे.

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. तुमच्या मशीनला एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी घ्या, १६ जीबीचं आणि दोन पंख्यांचं. छोट्या कॅबिनेटसाठी कार्ड निवडताना यूट्यूबवरचे एफपीएसचे (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे) तक्ते सगळ्यात शेवटी बघायचे असतात. त्याआधी बोर्ड, जागा, वीज आणि उष्णता या चार गोष्टी बघाव्या लागतात. तुमच्या बाबतीत बोर्डाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही.

बी४५० बोर्डावर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० चा असतो. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला माहितीचा रस्ता, आकडा मोठा तितका वेग जास्त. प्रोसेसर ५६०० असला तरी या बोर्डावर तो ३.० नेच चालतो. आता आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये बसतात, पण आतून या रस्त्याच्या फक्त ८ लेन वापरतात. नव्या ५.० च्या बोर्डावर ८ लेन भरपूर होतात. ३.० वर मात्र ८ लेनमधून एका दिशेला सेकंदाला जेमतेम ८ जीबी माहिती जाते. ९०६० एक्सटी १६ लेन वापरतं, म्हणजे त्याच जुन्या बोर्डावर त्याला दुप्पट, १६ जीबीच्या आसपास रस्ता मिळतो.

एवढ्याने काय बिघडतं? गेमचा सगळा पसारा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावतो तोवर फारसं काही नाही, दोन-चार टक्क्यांचा फरक पडेल. खरी गडबड मेमरी भरल्यावर होते. ५०६० ला ८ जीबीच मेमरी आहे. १४४०पीवर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) हायवर ठेवून, त्यात रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश) लावलं की आजचे मोठे गेम ८ जीबी सहज ओलांडतात. उरलेलं सामान मग रॅममध्ये जाऊन बसतं आणि गरज लागेल तसं स्लॉटमधून ये-जा करतं. ५०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने काम करते आणि स्लॉटचा रस्ता ८ जीबीचा. संध्याकाळी सातला ऐरोली पुलावर एकच लेन सुरू ठेवली तर मुलुंडहून घरी यायला किती वेळ लागेल, तसा हा प्रकार. एफपीएसचा सरासरी आकडा तेव्हाही बरा दिसतो, पण कॅमेरा फिरवला की गेम झटके देतो. हा त्रास सेटिंग कमी केल्याशिवाय जात नाही. नवीन कार्ड घेऊन पुन्हा टेक्स्चर मीडियमवर आणायचे असतील तर पैसे कशाला घालायचे?

म्हणून तुमच्या बोर्डासाठी १६ जीबी मेमरी आणि १६ लेन ही जोडी मला इतकी मोलाची वाटते. ९०६० एक्सटीचं ८ जीबीचं मॉडेलही बाजारात आहे, खोक्यावर नाव तेच. ते घेऊ नका, आणि बिल करताना '१६ जीबी' हा शब्द बिलावर लिहून घ्या.

५०६० टीआयचं १६ जीबीचं मॉडेल वाईट नाही. ब्लेंडर शिकायचं असेल, घरी एआयचे प्रयोग करायचे असतील, तर अशा कामांसाठीच्या एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीला अजून तोड नाही. मग थोडे जास्त पैसे घालून तेच घ्या. मेमरी भरपूर असल्यामुळे ८ लेनचा फटका बराच सौम्य होतो. पण तुम्ही फक्त गेमचं लिहिलं आहे.

आता जागेबद्दल. यात माझे स्वतःचे पैसे आणि एक अख्खा पावसाळा गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०२१ मध्ये कार्डांचा भयंकर तुटवडा होता. मी तेव्हा ठाण्यात ढोकाळीला राहत होतो आणि जे मिळालं ते तीन पंख्यांचं कार्ड उचललं. लांबी मोजून घेतली होती, कॅबिनेटमध्ये ती बसतही होती. उंची मोजली नव्हती. कार्ड बसलं, पण त्याच्या वरच्या कडेला लागणारी आठ पिनांची वायर बाजूच्या काचेला दाबायला लागली आणि काच काही केल्या लागेना. खोकं उघडलं म्हणून दुकानाने परत घेतलं नाही. मी काच न लावताच मशीन वापरत राहिलो. तेव्हा घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम सुरू होतं, ती धूळ आणि पावसाळी दमट हवा. दिवाळीत कार्ड उघडलं तेव्हा हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये चिखल वाळावा तसा थर बसला होता आणि एक पंखा घरघरत होता.

तुमच्या एनआर२००पीत ३३० मिमीपर्यंत लांब कार्ड बसतं, त्यामुळे लांबीची काळजी तुम्हाला नाही. उंची आणि जाडी बघा. कॅबिनेटच्या माहितीत उंचीची मर्यादा १५६ मिमी दिलेली आहे आणि त्यात वायरचं वळणही धरायचं असतं. सोपा आधार हवा असेल तर एनव्हिडियाने जून २०२४ मध्ये छोट्या कॅबिनेटसाठी जे माप ठरवलं ते लक्षात ठेवा. लांबी ३०४ मिमी, वायरच्या वळणासकट उंची १५१ मिमी आणि जाडी ५० मिमी. हे माप त्यांच्या मोठ्या कार्डांसाठी आहे, पण कुठल्याही कंपनीचं कार्ड त्यात बसत असेल तर तुमच्याकडे ते बसेल. दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २५० मिमी लांब असतात. विकत घेण्याआधी कार्डाच्या मापाचा पुठ्ठा कापा, जाडीसाठी दोन-तीन थर चिकटवा आणि जुनं कार्ड काढून तो तिथे धरून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे. मी आता प्रत्येक वेळी करतो.

जाडीचा संबंध हवेशीही आहे. या कॅबिनेटमध्ये कार्डाचे पंखे खाली तोंड करून असतात आणि तळाला १२० मिमीचे दोन पंखे लावायची सोय आहे. कार्ड दोन स्लॉटच्या आसपास जाड असेल तर तळाच्या पंख्यांना जागा उरते. तीन स्लॉटचं जाडजूड कार्ड घेतलंत तर तीच जागा गेली. कार्डाखाली किती मिलिमीटर उरतात ते पुठ्ठा धरला असताना मोजून घ्या. नेहमीचा पंखा २५ मिमी जाड असतो, बारीक पंखा १५ मिमीचा मिळतो. तुमच्या फोटोत काचेचा पॅनल लावलेला दिसतो. या कॅबिनेटसोबत छिद्रांचा पत्र्याचा पॅनलही येतो, तो माळ्यावरून काढून लावा. काच सुंदर दिसते हे खरं, पण आपल्या हवेत कार्डाला बाजूने श्वास घेता आला पाहिजे.

विजेचा हिशेब तुमच्या बाजूने आहे. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट घेतो, ९०६० एक्सटी १६ जीबी १६० वॅट, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ४०-५० धरा. तीनशेच्या आत बसतं. तुमचा ४५० वॅटचा एसएमपीएस चांगल्या कंपनीचा असेल तर बदलायची गरज नाही, एएमडीही या कार्डासाठी ४५० वॅटच सांगते. मित्राने सांगितलेलं ५०७० इथे मार खातं. ते एकटं २५० वॅट घेतं आणि त्यासाठी एनव्हिडिया ६५० वॅटचा एसएमपीएस मागते. म्हणजे नवीन एसएफएक्स एसएमपीएस आला, तो स्वस्त मिळत नाही, आणि 'थोडे पैसे' भलतेच वाढतात. शिवाय त्याला मेमरी १२ जीबीच.

यूपीएसचं तुम्ही काही लिहिलं नाही. आपल्याकडे घरोघरी ६०० व्हीएचा असतो आणि तो साधारण ३६० वॅट देतो. मॉनिटर धरून गेम चालू असताना तुम्ही त्याच्या अगदी काठावर जाल. जूनच्या पहिल्या वादळात लाईट गेली की यूपीएस टुंग करेल आणि मशीन बंद पडेल. एक तर गेमिंग यूपीएसविना करून चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा, नाहीतर ११०० व्हीएचा घ्या.

उष्णतेबद्दल एवढंच की कार्ड जितके वॅट खातं तितकी उष्णता शेवटी तुमच्या खोलीत येते. मे महिन्यात बंद खोलीत १६० आणि २५० वॅटमधला फरक अंगाला कळतो. मी एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट थोडी खाली आणतो आणि एफपीएसला ७५ ची मर्यादा घालतो. कथा असलेल्या गेमला त्याहून जास्त लागत नाही आणि पंख्यांचा आवाज लगेच उतरतो.

पैसे देण्याआधी एक तपासणी करा. सायबरपंकमध्ये रिझोल्यूशन १०८०पीवर आणा. एफपीएस एकदम वाढले तर अडचण कार्डाची आहे, आणि १६६० सुपरवर ते वाढणारच. हेच व्हॅलोरंटमध्ये केलंत तर आकडा सहसा तितका हलत नाही, कारण तिथे बराचसा भार प्रोसेसरवर असतो. म्हणजे व्हॅलोरंटचे एफपीएस वाढावेत म्हणून कार्ड घेत असाल तर घेऊ नका. सायबरपंकमध्ये मात्र फरक दुपटीच्या आसपास दिसावा.

खरेदी कुठून करायची? ऑनलाइन भाव बघा आणि रविवार सोडून एखाद्या दिवशी लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, चक्कर मारा. ऐरोलीहून ठाणे, तिथून दादर, मग वेस्टर्नने ग्रँट रोड, स्टेशनपासून चालत. चार दुकानांत विचारलं की भावाचा अंदाज येतो. मेमरी महाग झाल्यामुळे कार्डांचे भाव सतत हलताहेत, तेव्हा गेल्या महिन्याच्या भावावर विसंबू नका. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहिलेला हवा, आणि वॉरंटी भारतातली आहे ना हे विचारा. दुबईहून आलेला माल स्वस्त पडतो, पण बिघडला की तुम्ही आणि तो दोघंच उरता.

सेकंडहँडमध्ये ३०६० चं १२ जीबीचं कार्ड तुमच्या बोर्डाला बरं आहे, तेही १६ लेनचं आहे. पण ते १७० वॅट घेऊन ९०६० एक्सटीपेक्षा बरंच मागे राहतं. घ्यायचंच झालं तर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून बघा आणि मागच्या पट्टीचे स्क्रू नीट पाहा. खाडीकाठच्या घरांत वापरलेल्या कार्डांच्या स्क्रूवर आणि पोर्टवर गंज दिसतो. तो दिसला तर मी हात लावत नाही.

कार्ड बदलण्याआधी, जुनं कार्ड बसलेलं असतानाच, बोर्डाचा बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. मग विंडोजची डिस्क जीपीटी प्रकारची, म्हणजे नव्या पद्धतीने आखलेली, आहे का ते बघा. असेल तर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची सोय) बंद करा, 'अबव्ह ४जी डिकोडिंग' आणि 'रिसायझेबल बार' चालू करा, त्यामुळे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते. डिस्क जुन्या एमबीआर प्रकारची असताना सीएसएम बंद केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही, म्हणून क्रम पाळा. एनव्हिडियाचा जुना ड्रायव्हर डीडीयू हे ड्रायव्हर साफ करणारं सॉफ्टवेअर वापरून पूर्ण काढा आणि मग नवीन कार्ड बसवा. सुरू झाल्यावर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून एखादा गेम चालू ठेवा आणि बस इंटरफेसच्या रकान्यात एक्स१६ आणि ३.० दिसतंय का बघा. एक्स८ दिसलं तर कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलेलं नसण्याची शक्यता आहे. काढून पुन्हा लावा.

१६६० सुपर लगेच विकू नका, पंधरा दिवस ठेवा. नवीन कार्डात काही दोष निघाला आणि ते वॉरंटीला गेलं, तर ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. जुनं कार्ड हाताशी नसेल तर मशीनवर साधं पान उघडायलाही काही उरणार नाही. पुठ्ठा धरून मोजलेलं माप इथे खाली लिहा, तुम्हाला आवडलेल्या मॉडेलशी ते जुळतंय का मी बघून सांगतो.