हात कामात, कान मोकळे : वर्षभरात सापडलेले पॉडकास्ट

तुमचा प्रश्न : "गेल्या वर्षभरात नव्याने सापडलेले आणि मनापासून आवडलेले पॉडकास्ट कोणते? काम करता करता ऐकता येतील असे सुचवा. मराठी असले तर आणखी चांगलं."

मी पहिलं नाव घेईन ते 'सॉन्ग एक्स्प्लोडर'चं. इंग्रजीत आहे, मराठी नाही, तरी पहिलं तेच. मराठीकडे पुढे येते.

तुम्ही 'काम करता करता' असं लिहिलंय, म्हणून आधी माझं काम सांगते. मी इंदूरला घरीच ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते. या कामात हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले असतात, कान तेवढे मोकळे. त्यामुळे ज्यात बोलणारा मध्येच "हे बघा" म्हणून पडद्याकडे बोट दाखवतो, तो कार्यक्रम मला उपयोगाचा नाही. मराठीत आज पॉडकास्ट म्हणून जे चालतं, त्यातल्या बऱ्याचशा कॅमेऱ्यासमोरच्या मुलाखती असतात. त्यांतल्या काही उत्तम आहेत, पण कानासाठीच घडवलेला कार्यक्रम ही निराळीच गोष्ट असते. शिवाय मशीनला मोटर आहे. टीप मारताना मागे संगीत वाजत असेल तर बोलणं पार बुडून जातं. माइकच्या जवळून आलेला स्वच्छ आवाज असेल तरच मला नीट ऐकू येतं. कटिंगच्या वेळी मी काहीच लावत नाही, तिथे लक्ष कापडावर लागतं. फॉल लावताना, हुक लावताना, तुरपाई करताना मात्र तासन् तास ऐकता येतं. माझी निवड या हिशेबाने झाली आहे, तुमच्या कामाप्रमाणे तुम्ही ती बदलून घ्या.

'सॉन्ग एक्स्प्लोडर' 2014 साली हृषीकेश हिरवे यांनी अमेरिकेत सुरू केला. कल्पना साधी आहे. ज्याने गाणं केलं तो माणूस येतो आणि ते गाणं सुटं करून दाखवतो. गाणं ध्वनिमुद्रित होताना प्रत्येक वाद्य, प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतो. ते ट्रॅक एकेक करून वाजवले जातात. आधी नुसता ताल, मग त्यावर बास, मग मागच्या आवाजांची एक पट्टी, जी पूर्ण गाण्यात आपल्या कधी लक्षातही आली नसती. शेवटी अख्खं गाणं सलग लागतं, आणि एव्हाना त्यातला प्रत्येक धागा ओळखीचा झालेला असतो. हिरवे स्वतःचे प्रश्न बहुतेक कापून टाकतात. आपल्याला ऐकू येतो तो जवळजवळ फक्त कलाकार. मुलाखत घेणाऱ्याने इतकं मागे सरकणं मी दुसरीकडे फार कमी ऐकलं आहे. भागही आटोपशीर असतात, साधारण अर्ध्या तासाच्या आतले. 'गेम ऑफ थ्रोन्स'चं शीर्षकसंगीत करणाऱ्या रमीन जवादीचा भाग आधी ऐका. मालिका पाहिलेली नसली तरी चालेल, मीही पाहिलेली नाही. चेलोवरची ती मुख्य धून आणि तिच्याभोवती एकेक वाद्य कसं चढत गेलं हे ऐकताना हात आपोआप थांबतात.

या कार्यक्रमाने माझं शास्त्रीय संगीत ऐकणं बदललं, म्हणून त्याला पहिलं स्थान दिलं. उस्ताद अमीर खाँ आमच्या इंदूरचे. त्यांचा ख्याल माझ्या कानावर लहानपणापासून आहे, पण तो मागे चालू असलेला आवाज म्हणूनच होता. झुमरा तालातला, चौदा मात्रांचा, इतका संथ की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येणार याचा अंदाज सुटून जावा. ख्यालाचे ट्रॅक सुटे करता येत नाहीत. सगळे एकत्र बसून एकदाच गातात-वाजवतात. मग ते कानानेच वेगळं करायचं. एकाच रेकॉर्डिंगमध्ये एकदा नुसत्या ठेक्याच्या मागे जायचं, एकदा तानपुऱ्यावर लक्ष ठेवायचं, एकदा फक्त सरगम कुठून सुरू होते आणि कुठे विरते ते बघायचं. खाँसाहेबांची सरगम मला आत्ता कुठे ऐकू यायला लागली आहे. आणि ती ऐकताना सारखं वाटत राहतं की असा कार्यक्रम मराठीत कुणीतरी करायला हवा. भावगीतांच्या आणि नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रणात ज्यांनी व्हायोलिन, ऑर्गन, तबला वाजवला, ज्यांनी ती मुद्रित केली, त्यांतले जे आज आहेत त्यांना गाठून "ही जागा अशी का घेतली" एवढं विचारलं तरी केवढं हाती लागेल. गाणाऱ्यांच्या मुलाखती पुष्कळ झाल्या, साथीदारांना कुणी विचारत नाही. हे लिहिताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही माणसं फार काळ थांबणार नाहीत.

दुसरा 'इन अवर टाइम'. बीबीसी रेडिओ 4 चा हा कार्यक्रम 1998 पासून चालू आहे आणि त्याचे हजाराहून जास्त भाग झाले आहेत. मेल्विन ब्रॅग यांनी तो सव्वीस वर्षांहून जास्त काळ चालवला आणि 2025 मध्ये ते त्यातून बाजूला झाले. माझी त्याच्याशी ओळख झाली ती अशी उशिरा. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास. विषयाला काही धरबंध नाही : आज सम्राट अशोक, उद्या प्रकाशसंश्लेषण, परवा पक्ष्यांचं स्थलांतर. जुन्या भागांतली ब्रॅग यांची पद्धत मला फार आवडते. प्राध्यापक मंडळी अर्थ लावायला लागली की ते त्यांना अडवतात आणि आधी काय झालं, कधी झालं, कुठे झालं, ते सांगायला लावतात. थोडे फटकळ वाटतात, पण त्यामुळे माझ्यासारखीला धागा सापडतो. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, आणि मला सनावळ्या पाठ करायला लावणारे शिक्षक मिळाले. तीन जाणकार एकमेकांशी आदराने असहमत होताना मी पहिल्यांदा इथे ऐकले. पॉडकास्टच्या आवृत्तीत रेडिओवरचा वेळ संपल्यावरही गप्पा चालू राहतात, "काय सांगायचं राहिलं?" असं विचारलं जातं, आणि अगदी शेवटी निर्माता येऊन चहा घेणार की कॉफी ते विचारतो. ती शेवटची पाच-दहा मिनिटं चुकवू नका, बरेचदा सगळ्यात मोलाचं तिथेच असतं. इंग्रजी उच्चार सुरुवातीला जड जातात. वेग थोडा कमी करून ऐका, काही दिवसांत सवय होते.

इतिहासातच राहायचं तर विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांचा 'एम्पायर' आहे. 2022 मध्ये तो सुरू झाला तोच ईस्ट इंडिया कंपनी आणि हिंदुस्थानातलं ब्रिटिश राज्य या विषयाने. दोघं गोष्ट रंगवून सांगतात, एकमेकांचं वाक्य पूर्ण करतात. मला मात्र ऐकताना एक हुरहूर लागते. आमच्या होळकरांचं सैन्य 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला हरलं, पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1818 मध्ये, मंदसौरचा तह झाला, आणि त्याच वर्षी इंदूर होळकरांची राजधानी झालं. आज राजवाड्यासमोर आम्ही ज्या शहरात उभे असतो, त्याचं नशीब त्या काही आठवड्यांत ठरलं. कंपनीची गोष्ट कुठूनही सुरू झाली तरी माझं मन महिदपूरकडे धावतं. त्या लढाईवर, त्या तहावर, मराठीतून, कागदपत्रं समोर ठेवून केलेली सहा-सात भागांची मालिका मला ऐकायची आहे. कुठे असेल तर खाली जरूर सांगा.

आता मराठी. बीबीसी मराठीचे दोन कार्यक्रम मी नियमाने ऐकते. 'सोपी गोष्ट' हा बातमीमागची एखादी गुंतागुंत उलगडून सांगणारा छोटा कार्यक्रम आहे, दोन हुक लावेपर्यंत होतो. 'गोष्ट दुनियेची' त्याहून सविस्तर. एक प्रश्न घ्यायचा आणि निरनिराळ्या जाणकारांकडून त्याची बाजू समजून घ्यायची. दोन्हींत उगाच आरडाओरडा नाही, मशीन चालू असतानाही शब्द कळतात, आणि निवेदन मुळात ऐकण्यासाठी लिहिलेलं आहे.

सौमित्र पोटे यांचा 'मित्रम्हणे' हा मुलाखतींचा कार्यक्रम आहे. तो मी कॅमेऱ्याविनाच ऐकते, आणि काही बिघडत नाही, कारण नट आणि दिग्दर्शक आपल्या कामाबद्दल निवांतपणे बोलतात. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांसाठी त्याचा एक वेगळा फायदा आहे. 'सानंद' या इथल्या संस्थेमुळे मुंबई-पुण्याची नाटकं इथे येतात. एखाद्या नटाला दीड तास कानात ऐकून झाल्यावर तोच माणूस रंगमंचावर समोर आला की त्याचं थांबणं, श्वास घेणं, शब्द टाकणं, सगळंच जवळचं वाटतं.

हिंदीतला 'पुलियाबाज़ी' ऐका. प्रणय कोटस्थाने, सौरभ चंद्र आणि ख्याती पाठक हे सरकारी धोरणं, अर्थकारण, तंत्रज्ञान यांवर हिंदीत बोलतात. पुलियावर, म्हणजे रस्त्यावरच्या छोट्या पुलावर, बसून मित्रांनी गप्पा माराव्यात तसा सूर, पण आत अभ्यास पक्का. सेमीकंडक्टर म्हणजे काय आणि त्यावरून देशादेशांत एवढी ओढाताण का, हे मला त्यांच्यामुळे कळलं. घरातल्या जेवणाच्या वेळी मी हा विषय काढला तेव्हा मुलगा चमकून बघत राहिला. आज तक रेडिओचा 'तीन ताल'ही छान आहे, तोही लांब आणि गप्पिष्ट, पण त्यात राजकारणाचे संदर्भ बरेच येतात. रोजच्या बातम्या वाचत असाल तर जास्त रंगेल.

लग्नसराईत, शीतलामाता बाजारातून साड्यांची थप्पी घेऊन बायका यायला लागल्या की मी अमित वर्मांचा 'द सीन अँड द अनसीन' लावते. 2017 पासून चालू आहे. एकेक भाग चार-चार, पाच-पाच तासांचा, काही त्याहून लांब. एवढं कोण ऐकणार असं मलाही आधी वाटलं होतं. पण वर्मा पाहुण्याला त्याच्या पुस्तकावर येण्याआधी त्याच्या बालपणाबद्दल, गावाबद्दल, घरात कोणती पुस्तकं होती त्याबद्दल विचारतात, आणि मग तो माणूस आपला विचार कुठून आला ते स्वतःच शोधायला लागतो. घाई असती तर हे बोलणं निघालंच नसतं. सगळे भाग सारखे नाहीत, काही पसरट होतात. पाहुण्याचा विषय तुमच्या आवडीचा असेल तेवढेच निवडा.

एक कार्यक्रम मी अर्ध्यावर सोडला, तोही सांगायला हवा, कारण तो सगळेच सुचवतात. 'सीरियल'. 2014 चा पहिला हंगाम, एका शाळकरी मुलीच्या खुनाचा तपास. पॉडकास्टला जगभर श्रोते मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा आहे, आणि सारा केनिग यांचं निवेदन पकड घेणारं आहे यात शंका नाही. पण 'हे मिन ली' नावाची ती मुलगी खरी होती, तिचे आईवडील खरे होते, आणि पुढच्या भागाच्या उत्कंठेने मी तिच्या मरणाकडे बघते आहे हे मला सोसेना. तुम्हाला चालत असेल तर ऐका, कारागिरी म्हणून तो मोठाच आहे.

कानाने जग बघायची सवय आमच्या गावाला जुनी आहे. आकाशवाणीचं इंदूर केंद्र, म्हणजे मालवा हाउस, 1955 चं. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातली नंदाजी-भेराजी ही जोडी माळवीत बोलायची, आणि शेतीशी काही संबंध नसलेली मराठी घरंसुद्धा ती ऐकायची. क्रिकेटचं हिंदी समालोचन घराघरांत नेणारे सुशील दोशी इंदूरचेच. होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला त्यांचं नाव आहे. चेंडू कुठे टप्पा खाऊन कुठे वळला हे माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षं त्यांच्या आवाजातून बघितलं. म्हणून "नुसतं ऐकून काय कळणार?" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

सुरुवात करायचीच असेल तर या आठवड्यात 'सोपी गोष्ट'चे दोन-तीन भाग आणि 'सॉन्ग एक्स्प्लोडर'चा जवादीचा भाग एवढंच ऐका. घरच्या वायफायवर आधी डाउनलोड करून ठेवा, म्हणजे काम चालू असताना आवाज अडकत नाही. आणि इयरफोन एकाच कानात घाला, दाराची बेल वाजलेली कळली पाहिजे. तुमचं काम कोणतं, त्यात डोळे मोकळे असतात की नाही, आणि सलग किती वेळ मिळतो, हे कळवलंत तर आणखी नेमकं सुचवता येईल. लहान मुलांसाठी मराठीत निव्वळ कानाने ऐकण्यासारखं काही चांगलं कुणाला माहीत असेल, तर मलाही हवं आहे. भाची सुट्टीत येते तेव्हा माझ्या टेबलाशेजारी बसून तीही ऐकायला मागते.