पहिला तास हुकला, आता दूध येईल का?

"ताई, माझा तो पहिला तासच हुकला. आता अंगावरचं दूध येणारच नाही ना?"

सिझरचा तिसरा दिवस. जन्मल्यावर बाळाचा श्वास भरभर चालत होता, म्हणून अकरा तास काचेत ठेवलं होतं. त्यात हिने मोबाइलवर 'गोल्डन अवर'ची, म्हणजे जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळाला अंगावर पाजण्याची, रील्स पाहिलेली. शेजारी तिची आई वाटी-चमच्याने वरचं दूध पाजत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "हिला पान्हाच नाही." बाळंतिणीच्या खाटेपाशी हे वाक्य मला मुळीच खपत नाही. पण आजीही घाबरलेलीच होती.

पहिला तास मोलाचा, हे खरंच. पण 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं शंभरात 42च्या आसपासच निघाली. बाकीच्या आयांना काय दूधच आलं नाही? बाळामागून वार (प्लासेंटा) पडली की संप्रेरकं बदलतात आणि दूध उतरायला लागतं. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सिझर असेल तर कधी जरा उशिरा. तोवर चीक असतो, तोही चमचा-चमचाच. पुढे दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्यावर. आणि हिचं बाळ तर ओढतच नव्हतं, वाटीवर पोट भरून झोपत होतं.

मी तिला हाताने चीक काढायला शिकवलं. पिवळा, दाट थेंब बोंडीवर आला. आजी वाकून बघत राहिल्या.

मग बाळाला नुसत्या लंगोटावर ठेवलं, हिचा गाऊन मोकळा केला. ही उशांना रेलून बसली. बाळ तिच्या उघड्या छातीवर पालथं, मान एका कुशीवर, नाक मोकळं, पाठीवर शाल. टाक्यांवर ओझं नको म्हणून जरा तिरपं घेतलं. आजींना म्हटलं, हिला डुलकी लागली तर बाळ लगेच उचलून घ्या.

पहिली चाळीस मिनिटं काहीच घडलं नाही. बाळ झोपलं. (मलाही पुढची पेशंट गाठायची होती, पण बसले.) मग ते मुठी चोखायला लागलं, डोकं आपटत खाली सरकलं, तोंड वासलं. लागलं, सुटलं, परत लागलं.

त्या दिवशी एवढंच. वरचं दूध मी एकदम तोडू दिलं नाही. बालरोगतज्ज्ञांना विचारून, वजन बघत, एकेक वाटी कमी केली. दिवसातून तीन-चार वेळा उघड्या अंगाला अंग. संध्याकाळी एक पाळी बाबांची, म्हणजे हिची जरा झोप व्हायची. पाचव्या दिवशी छाती भरून आली. त्यानंतर मी फक्त शू मोजायला लावली: दिवसाला सहा तरी लंगोट ओले.

बारशाला रात्रीची एक वाटी अजून चालूच होती. तिसऱ्या आठवड्यात फोन आला तो आजींचा. "रात्री दोनला मला आता कुणी उठवतच नाही हो."