पग कुत्र्याच्या डोळ्यांखालचे डाग

घासू नका हो, तो मळ नाहीच. अश्रूंतल्या पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्यामुळे केस तांबूस होतात. ते झडून नवे येईपर्यंत डाग दिसणारच. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पिळा, नाकाजवळच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला पुसा. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. मग नाकावरची घडी बोटाने उघडून पार कोरडी करा. खरी मेख तिथेच! आमच्याच्या घडीत ओल राहून आंबूस वास यायचा. आपला सोलापुरी टॉवेल तिथे खरखरीत पडतो, जुन्या धोतराचा तुकडा बरा. उन्हाळ्यात धुरळा उडतो तेव्हा दिवसातून दोनदा. हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्याजवळ नकोच. डोळा किलकिला करत असेल किंवा पिवळा-हिरवा चिकटा येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कधी कधी पापणीचा केसच आत टोचत असतो.