विक्रेत्याला लायसन्स दाखवावे, त्याचा फोटो देऊ नये

आपला प्रश्न मला असा समजला. आपण टेक्सासमध्ये राहता, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाले आहे आणि एका खाजगी माणसाकडून वापरलेले पिस्तूल विकत घ्यायचे ठरवले आहे. हा माणूस भेटीच्या आधीच ड्रायव्हिंग लायसन्सच्या दोन्ही बाजूंचे फोटो मेसेजने मागतो आहे आणि व्यवहाराच्या वेळी सही केलेले बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीचा कागदही हवे म्हणतो आहे. ही माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे का, आणि नसल्यास आपले नाव कुठेही न नोंदवता खरेदी होऊ शकते का, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे याच राज्यात नेमबाजी करतो आणि दुकानातून तसेच खाजगी माणसांकडूनही शस्त्रे घेतली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. टेक्सासमध्ये एकाच राज्याच्या दोन रहिवाशांमधल्या खाजगी व्यवहाराला बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी, लागत नाही, बिल ऑफ सेल लागत नाही आणि लायसन्सची प्रत तर मुळीच लागत नाही. केंद्रीय कायदा विक्रेत्यावर प्रामुख्याने दोन बंधने घालतो. घेणारा दुसऱ्या राज्याचा रहिवासी असेल तर त्याला थेट विकायचे नाही, आणि घेणाऱ्याला शस्त्र बाळगण्यास मनाई आहे हे ठाऊक असेल किंवा तसे मानायला सबळ कारण असेल तर विकायचे नाही. आपण पुढे राज्य बदलणार असाल तर मात्र हे चित्र बदलते. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क अशा अनेक राज्यांत खाजगी व्यवहारही काही मोजके अपवाद वगळता परवानाधारक डीलरमार्फतच करावा लागतो.

मग कायदा सांगत नसताना हा माणूस लायसन्स का मागतो? हे समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी नीट बोलता येणार नाही. एखाद्या गुन्ह्यात शस्त्र सापडले की पोलीस त्याचा सिरियल नंबर वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे असलेल्या एटीएफ या शस्त्रविषयक केंद्रीय खात्याच्या ट्रेसिंग सेंटरकडे पाठवतात. तिथून माग काढला जातो तो कारखाना, कारखान्याकडून घाऊक व्यापारी, त्याच्याकडून दुकान आणि दुकानातून पहिला ग्राहक असा. पहिल्या ग्राहकापाशी हा माग सहसा संपतो, कारण त्याने पुढे कोणाला विकले याची नोंद कुठेच नसते. आपला विक्रेता हा तो पहिला ग्राहक असेल, तर त्याने विकलेल्या पिस्तुलाचे पुढच्या दहा वर्षांत काहीही झाले तरी पोलीस दार त्याचेच ठोठावणार. त्या दिवशी ‘मी हे अमुक तारखेला अमुक माणसाला विकले’ असे सांगता यावे एवढ्यासाठी तो कागद मागतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही मागितला असता. म्हणून या मागणीला संशय किंवा अपमान समजू नये. आपले आडनाव आणि उच्चार ऐकून तो जास्त चौकशी करतो आहे की काय, अशी शंका आपल्या प्रश्नात डोकावते. तसे लोक असतातही, पण लायसन्स मागणारे बहुतेक जण समोर येणाऱ्या प्रत्येकाकडे ते मागतात.

अडचण आहे ती फोटोची. चार-पाच वर्षांपूर्वी मी एका गृहस्थाकडून एक जुनी रायफल घेत होतो. माणूस अगदी सभ्य होता. त्याने माझे लायसन्स गाडीच्या बॉनेटवर ठेवले, फोटो काढायला फोन हातात घेतला आणि आधी काढलेला एक फोटो मला दाखवण्यासाठी गॅलरी उघडली. त्या गॅलरीत त्याच्या नातीच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मध्येच एकापाठोपाठ एक तीन अनोळखी माणसांची लायसन्स होती. चेहरा, पूर्ण पत्ता, जन्मतारीख, सगळे मला उभ्या उभ्या वाचता येत होते. त्याच्या मनात काहीही वाईट नव्हते. पण तो फोन हरवला, त्याचे क्लाउड खाते कोणी फोडले, किंवा तो फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात गेला, तर कोणत्या घरात शस्त्र आहे याची यादीच त्या माणसाला मिळणार होती. मी त्याला फोटो काढू दिला नाही, आणि का देत नाही तेही सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग ते तिन्ही फोटो त्याने माझ्यासमोर पुसले. आम्ही तिथून जवळच्या डीलरकडे गेलो, ३५ डॉलर दिले आणि व्यवहार तिथे पूर्ण केला.

लायसन्सच्या मागच्या बाजूविषयी वेगळे लिहितो, कारण ती बाजू निरुपद्रवी आहे असे पुष्कळांना वाटते. पुढच्या बाजूवरचा पत्ता आणि नंबर बोटाने झाकून फोटो पाठवणारे लोक मागची बाजू तशीच पाठवतात. तिथल्या उभ्या-आडव्या ठिपक्यांच्या बारकोडमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख, लायसन्स नंबर, उंची, डोळ्यांचा रंग असे सगळे साध्या स्वरूपात साठवलेले असते आणि फोनवरच्या कोणत्याही फुकट स्कॅनरने ते वाचता येते. समोर झाकलेली प्रत्येक गोष्ट मागे उघडी पडते.

त्यातही भेटण्यापूर्वीच, मेसेजवर, दोन्ही बाजूंचे फोटो मागणे हे मला सर्वांत खटकते. ज्याला घेणारा कोण आहे याची खात्री करायची आहे त्याला ती समोरासमोर करता येते. कार्डावरचा चेहरा समोरच्या माणसाशी जुळतो का, हे फोटोवरून कळणारही नाही. फसवणूक करणारे नेमकी हीच मागणी करतात. पिस्तूल मुळात अस्तित्वातच नसते, जाहिरातीतले फोटो दुसऱ्याचे असतात आणि मिळालेले लायसन्स पुढच्या माणसाला ‘हे पाहा, मी खरा विक्रेता आहे’ म्हणून दाखवायला वापरले जाते. आपला विक्रेता तसा आहे असे मी म्हणत नाही. मात्र पडद्यावर आलेल्या मेसेजवरून खरा आणि खोटा विक्रेता ओळखण्याचा मार्ग आपल्याकडे नाही, म्हणून भेटीआधी ना लायसन्स द्यावे, ना आगाऊ पैसे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि इथे माझे मत आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. नाव कुठेही नोंदवले जाऊ नये ही इच्छा आणि आपली माहिती नको त्या हातात पडू नये ही इच्छा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या मागे लागल्यास दुसरी हातची जाते. कोणताही कागद न करता, पार्किंगमध्ये रोख देऊन घेतलेल्या पिस्तुलाचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसतो. ते चोरीचे निघाले, तर आपण ते कोणाकडून, कधी आणि किती डॉलरला घेतले हे सिद्ध करायला आपल्याजवळ काहीच उरणार नाही. ग्रीन कार्डावर असलेल्या माणसाने तर असा धोका मुळीच पत्करू नये, कारण शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात आपले इथले वास्तव्यच धोक्यात येऊ शकते. म्हणून आपण विक्रेत्याला जेवढे सांगतो तेवढेच त्याच्याकडूनही मागावे. कागदावर दोघांची नावे आणि दोघांच्या सह्या असाव्यात.

माझ्या मते खाजगीपणाची खरी चिंता असलेल्या माणसाने हा व्यवहार डीलरमार्फत करावा. पुष्कळांना हे उलटे वाटते, कारण डीलर म्हणजे सरकार असा समज आहे. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. आपण फॉर्म ४४७३, म्हणजे शस्त्रखरेदीचा केंद्रीय फॉर्म भरता. तो डीलरच्या दुकानात राहतो, वॉशिंग्टनला जात नाही. त्यावरचा सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना ऐच्छिक आहे. तो भरल्यास सारख्या नावाच्या दुसऱ्या माणसाशी गल्लत टळते, न भरल्यास फॉर्म नाकारला जात नाही. बॅकग्राउंड चेकसाठी एफबीआयकडे आपले नाव, जन्मतारीख आणि तत्सम तपशील जातात, शस्त्राचा फक्त प्रकार कळवला जातो, सिरियल नंबर जात नाही, आणि मंजुरी मिळालेल्या माणसाची ओळख पटवणारी माहिती २४ तासांत नष्ट करण्याचे कायदेशीर बंधन आहे. शस्त्रमालकांची केंद्रीय नोंदवही तयार करण्यास १९८६च्या कायद्याने मनाई आहे. डीलरने दुकान कायमचे बंद केले तर त्याचे फॉर्म मार्टिन्सबर्गला जमा होतात, हे खरे आहे, आणि त्याबद्दल अनेकांना वाटणारी काळजी मला समजते. तरीही त्या फॉर्मची जबाबदारी कोणावर तरी आहे, त्याची तपासणी होते. अनोळखी माणसाच्या फोनमधल्या फोटोची जबाबदारी कोणावरच नाही.

सरकारकडची माहिती बाहेर पडतच नाही असा माझा दावा नाही. २०२२च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाच्या एका डॅशबोर्डवरून शस्त्र जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १,९२,००० लोकांची नावे, पत्ते आणि जन्मतारखा उघड झाल्या. २०१२च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्राने दोन काउंटींतील पिस्तूल परवानाधारकांचा नावपत्त्यांसह नकाशाच प्रसिद्ध केला होता. ती माहिती तेव्हा मागेल त्याला मिळत होती, आणि पुढच्याच महिन्यात झालेल्या कायद्याने परवानाधारकांना आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करण्याची सोय दिली. त्या नकाशावर घर दिसलेल्या माणसांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना शस्त्र बाळगणाऱ्या कोणालाही करता येईल. पण या दोन्ही घटना परवान्याच्या नोंदींच्या आहेत, दुकानात पडून असलेल्या फॉर्मच्या नाहीत.

आपण नागरिक नसल्यामुळे फॉर्मवर आपला एलियन नंबर (परदेशी रहिवाशाचा क्रमांक) लिहावा लागेल, तेव्हा ग्रीन कार्ड बरोबर ठेवावे. चेकच्या वेळी इमिग्रेशनच्या नोंदीही पाहिल्या जातात, त्यामुळे उत्तर लगेच न येता उशीर झाला तर घाबरू नये. आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून पूर्ण असते, लायसन्सवर त्याचे फक्त आद्याक्षर येते आणि कधी आडनावाचे स्पेलिंगच बदललेले असते. हे आधीच दुरुस्त करून घ्यावे. वारंवार उशीर किंवा चुकीचा नकार येत असेल, तर एफबीआयकडे अर्ज करून एक कायमचा ओळख क्रमांक मिळवता येतो आणि तो पुढच्या प्रत्येक फॉर्मवर लिहिता येतो.

हे वाचणाऱ्यांत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेलेही काही जण असतील, त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या व्हिसावर इथे आलेल्या माणसाला शस्त्र किंवा गोळ्या जवळ बाळगण्यास केंद्रीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकारी परवाना असणे यासारखे काही थोडेच अपवाद आहेत. खाजगी विक्रेता काही विचारत नाही म्हणून ही मनाई उठत नाही. तसेच ग्रीन कार्ड असलेल्या मित्राला पुढे करून आपल्यासाठी खरेदी करवून घेणे हाही गंभीर गुन्हा आहे, आणि तो दोघांच्याही अंगाशी येतो. अशांनी वकिलाशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

विक्रेता डीलरकडे यायला तयार नसेल आणि व्यवहार थेटच करायचा असेल, तर मी पाळतो ते सांगतो. संपर्कासाठी रोजचा फोन नंबर देत नाही, वेगळा नंबर वापरतो, कारण रोजच्या नंबरवरून घरचा पत्ता काढणे या देशात दोन मिनिटांचे काम आहे. भेट दिवसाउजेडी, सार्वजनिक ठिकाणी. त्याच्या घरी नाही आणि माझ्या घरी तर कधीच नाही. लायसन्स त्याच्या हातात देतो, त्याला हवे तेवढा वेळ पाहू देतो, पण फोन खिशातच ठेवायला सांगतो. बिल ऑफ सेलच्या दोन प्रती घरून छापून नेतो. त्यात तारीख, मेक, मॉडेल, सिरियल नंबर, किंमत, दोघांची नावे आणि लायसन्स नंबर, आपण टेक्सासचे रहिवासी आहोत आणि शस्त्र बाळगण्यास आपल्याला मनाई नाही असे निवेदन, आणि सह्या एवढेच असते. जन्मतारीख आणि घरचा पत्ता मी लिहीत नाही. लायसन्स नंबर असल्यावर पोलिसांना तेवढा पुरतो, आणि तो कागद चोराच्या हाती लागला तरी त्याला माझे दार सापडत नाही. ज्यांच्याकडे टेक्सासचे एलटीसी, म्हणजे शस्त्र जवळ बाळगण्याचा राज्याचा परवाना आहे त्यांनी ते दाखवावे, बहुतेक विक्रेत्यांचे तेवढ्याने समाधान होते. पैसे रोख देतो. पेमेंट अ‍ॅप टाळतो, कारण काहींच्या नियमांत शस्त्रव्यवहाराला बंदी आहे आणि काहींवर आपण कोणाला पैसे पाठवले हे सेटिंग बदलेपर्यंत इतरांना दिसत राहते.

एवढे करूनही त्याने फोटोचाच आग्रह धरला तर त्याच्याशी वाद घालू नये. शस्त्र त्याचे आहे, अट घालण्याचा हक्क त्याचा आहे, आणि नाही म्हणून निघून येण्याचा हक्क आपला. तसले पिस्तूल पुन्हा मिळेल.

आज आपण त्याला एवढेच लिहावे: ‘मी टेक्सासचा रहिवासी आहे, लायसन्स आणि ग्रीन कार्ड भेटीत दाखवीन, बिल ऑफ सेलवर सही करीन आणि तुमचीही सही घेईन. लायसन्सचा फोटो मी कोणालाच देत नाही. तुम्हाला अधिक खात्री हवी असेल तर तुमच्या सोयीच्या डीलरकडे भेटू, तिथली फी मी भरतो.’